न वाढणारा दांडा

बायकोचं म्हणणं असं, की मला प्रत्यक्ष देव भेटला तरी मी आधी त्याची उंची विचारीन, आणि ती किती अंशांवर मोजली तेही विचारीन. ती हे चारचौघांत सांगते आणि चारचौघं हसतात. मी हसत नाही, कारण प्रश्न रास्त आहे. पोलादाची एक मीटर लांब सळई तापमान एका अंशाने वाढलं की साडेअकरा मायक्रॉनने लांबते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता एवढ्याने काय बिघडतं, असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं; त्याच्या स्कूटरचं इंजिन ज्यांनी बनवलं त्यांना तसं वाटलं नव्हतं हे त्याचं नशीब.

माझं काम कॅलिब्रेशनचं. कारखान्यांत मोजणारी यंत्रं असतात, ती खरं बोलतात की खोटं हे तपासायचं आणि खाली सही करायची. बावीस वर्षं मी ही सही करतो आहे. माझी सही असलेला कागद भिंतीवर लागला की त्या यंत्राशी कुणी वाद घालत नाही. मला याचा गर्व होता. होता म्हणतो, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या हिचा थोरला भाऊ एका कारखान्यात ग्राइंडिंगवर आहे. मी त्यांना दादा म्हणतो, हिचं ऐकून लागलेली सवय. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, पण मी बहिणीचा नवरा, म्हणून मला अहोजाहो करतात आणि भाऊजी म्हणतात. एकतीस वर्षं एकाच जागी उभं राहून ते पोलाद घासत आले. त्यांच्याकडे सहाशे मिलिमीटर लांबीच्या गाइड असतात. मोठ्या यंत्राचा भाग ज्यावरून पुढेमागे सरकतो, ती ही जाड पोलादी पट्टी. लांबी सहाशे, आणि फरक चालतो तो फक्त दहा मायक्रॉन इकडे किंवा तिकडे.

दादांचं काम बघण्यासारखं होतं. शेवटचा हात मारून झाला की मशिन बंद करायचे, गाइड उचलून लाकडी फळीवर ठेवायचे आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. "गरम जॉब खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं; जॉब म्हणजे घासायला घेतलेला तुकडा. दहाबारा मिनिटं गेली की अंगठ्याची कड टोकावरून फिरवायची, मायक्रोमीटरने, म्हणजे हातात धरून बारीक मोजायच्या चिमट्याने, एकदा मोजायचं आणि बाजूला ठेवायचं. दुसऱ्यांदा मोजताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कारखान्यात नवा साहेब आला की आधी त्याला याचा राग यायचा आणि महिन्याभरात जायचा.

त्या कारखान्यात कॅमेऱ्याने मोजणारं एक मोठं यंत्र आहे. टेबलावर वस्तू ठेवायची, वरून कॅमेरा सरकत जातो, कडा बघतो आणि लांबी सांगतो. यंत्र उत्तम, खोली मात्र दळभद्री. एका भिंतीपलीकडे भट्टी, दुसऱ्या बाजूला माल चढवायचा दरवाजा, आणि एसी असा की त्याच्याच अंगात ताप. मोजमाप वीस अंशांवर धरायचं असतं. ही खोली कधी बावीस, कधी चोवीस. आधी मी लांबी पक्की ठाऊक असलेला पोलादाचा दांडा घेऊन जायचो आणि त्यावरून यंत्र लावायचो. तोही खोलीबरोबर वाढायचा. म्हणून यंत्राला सांगून ठेवलेलं असायचं, की दांडा पोलादाचा आहे, अंशामागे मीटरला साडेअकरा मायक्रॉन वाढतो, तेवढं हिशेबात धर.

या वर्षी आमच्या प्रयोगशाळेने नवा दांडा आणला. काच आणि सिरॅमिक यांच्या मधलं काहीतरी, मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. त्यावर केसाहून बारीक रेघा. त्याचा गुण एकच, आणि तो माझ्या बायकोच्या माहेरच्यांना सांगून सांगून मी त्यांना वीट आणला: तो वाढत नाही. वीस अंशांवर जेवढा, तीसवर तेवढाच. खोली बिघडली तरी दांडा बिघडत नाही. असा माणूस मला आयुष्यात भेटला नाही, असंही मी म्हणालो होतो.

दांडा पहिल्यांदा त्या कारखान्यात नेला तेव्हा दादा जेवणाच्या सुट्टीत बघायला आले. हात मागे बांधून वाकले. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"वाढतच नाही म्हणता?"

"अजिबात नाही."

"मग यंत्राला ते कसं कळतं, भाऊजी? त्याला तर पोलादाची सवय."

"दादा," मी म्हणालो, "ते आमच्यावर सोडा."

ते हसले आणि गेले. मी काम पुरं केलं. खोलीत त्या दिवशी तेवीस अंश होते. शेवटी तोच दांडा पुन्हा टेबलावर ठेवून तपासला, आकडा तंतोतंत जुळला, मी सही केली. घरी येऊन हिला म्हणालो, की आज तुझ्या भावाला थोडं विज्ञान शिकवलं.

पुढच्या पंधरवड्यात दादांच्या गाइड नापास व्हायला लागल्या.

एखाददुसरी नाही, ओळीने. प्रत्येक गाइड वीस मायक्रॉन लांब. कधी एकोणीस, कधी बावीस, पण लांबच. शेजारच्या मशिनवर पन्नास मिलिमीटरचे छोटे ठोकळे होत, ते सगळे पास. म्हणजे मोजणारं यंत्र ठीक आहे आणि म्हातारा चुकतो आहे, हे कुणालाही दिसत होतं. मलाही दिसलं. एवढंच सांगतो, की यंत्राची चूक जेव्हा लांबीच्या प्रमाणात असते तेव्हा पन्नासच्या तुकड्यात ती दीडदोन मायक्रॉनची येते आणि कुणाच्या नजरेत भरत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. वर्षातून दोनदा शिकवतो, फळ्यावर रेघ काढून.

दादांनी आधी वाद घातला. क्वालिटीच्या साहेबांनी त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. "मास्तर, सही कुणाची आहे बघा. तुमच्याच घरातला माणूस आहे." त्यावर दादांनी वाद सोडला. बहिणीच्या नवऱ्याच्या सहीला खोटं म्हणायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. चहा झाला. कप बाजूला सारून त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर गाइडचे आकडे लिहिले होते, सुबक अक्षरात, एकाखाली एक.

"भाऊजी, हाताला बरोबर लागतं, माझा मायक्रोमीटरही तेच दाखवतो. यंत्र म्हणतं वीस जास्त. एकतीस वर्षांत हात एकदम वीसने कसा हलेल? हळूहळू हलला असता तर मी समजलो असतो."

हे त्यांचं वाक्य मी आता शब्दन् शब्द सांगू शकतो. त्या दिवशी मी ते अर्धवट ऐकलं. वर्तमानपत्र माझ्या मांडीवर उघडंच होतं.

"दादा, वय होतं माणसाचं," मी म्हणालो. "त्यात लाज कसली? डोळे तपासून घ्या."

स्वयंपाकघरात हिच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवलं गेलं. दादांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तेही आहेच." त्याच आठवड्यात त्यांनी नवा चष्मा केला. त्या चष्म्यातून त्यांना वर्तमानपत्र छान दिसायचं आणि गाइड वीस मायक्रॉन लांबच यायच्या.

मग साहेबांनी तोडगा काढला. हात म्हणेल 'बस' तिथून आणखी वीस घासायचे. दादांनी तसं केलं आणि गाइड पास झाल्या. साहेब खूश झाले. दादांना मात्र जेवण जाईना. वहिनी हिला फोनवर सांगायच्या, की हे ताटावर बसतात आणि अंगठा बोटावर घासत राहतात. जे बरोबर वाटतं ते चूक ठरतं, जे चूक वाटतं त्याला शाबासकी मिळते. असं दोन महिने चाललं तर कुणाचंही डोकं फिरेल. दादांचं फिरलं नाही. त्यांनी स्वतःच अर्ज दिला, की मला ग्राइंडिंगवरून काढून स्टोअरमध्ये घ्या. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, तोवर नटबोल्ट मोजून देईन.

साहेबांनी कागद तयार केला. शनिवारी दहा वाजता सही व्हायची होती. एकदा ती झाली की त्यांच्या मशिनवर दुसरा माणूस येणार होता.

मला हे सगळं माहीत होतं. वाईट वाटत होतं का? वाटत होतं, दुसऱ्याचं घर गळताना आपल्याला वाटतं तेवढं.

शुक्रवारी दुपारी मी प्रयोगशाळेत बसलो होतो. नवा दांडाही वर्षातून एकदा तपासायला पाठवावा लागतो, वरच्या प्रयोगशाळेत. त्याचा अर्ज भरत होतो. लांबी लिहिली. क्रमांक लिहिला. साहित्य: काच-सिरॅमिक. पुढचा रकाना होता, तापमानाने किती वाढतो. मी शून्य लिहिलं.

आणि हात थांबला.

मला त्या कारखान्यातल्या संगणकावरचा पडदा आठवला. दांड्याचं नाव बदललं होतं, ते मी केलं. दांड्याची लांबी बदलली होती, रेघ न् रेघ, तीही मीच. त्याखालच्या चौकटीत साडेअकरा होते. ते बदलल्याचं मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. बावीस वर्षं त्या चौकटीत साडेअकराच असतात. सगळे दांडे पोलादाचे, तिथे बदलायला काही नसतंच. कामाची अकरा पायऱ्यांची यादी मीच लिहिलेली आहे आणि तिच्यात ती चौकट नाही. ज्या वाटेने माणूस रोज जातो तिथला खड्डा तो न बघता ओलांडतो, आणि कुणी तो खड्डा हलवला की त्यातच पाय जातो.

मी कागदावर गणित केलं. यंत्राला वाटलं दांडा पोलादाचा आहे आणि तेवीस अंशांवर वाढलेला आहे. तो वाढलेला नव्हताच. यंत्राने त्या न झालेल्या वाढीवर आपली मोजपट्टी बेतली आणि पुढे प्रत्येक वस्तू तेवढी लांब दाखवली. अंश तीन, साडेअकरा गुणिले तीन, मीटरला साडेचौतीस. सहाशे मिलिमीटरला वीस पूर्णांक सात.

वीस पूर्णांक सात. दादांच्या कागदावर एकोणीस ते बावीस लिहिलेलं होतं.

आणि शेवटी मी तपासून पाहिलं होतं ना? पाहिलं होतं, त्याच दांड्याने, त्याच चुकीच्या चौकटीसह. चोरालाच पंच नेमलं होतं. तो कशाला 'मी चोरी केली' म्हणेल.

मला दरदरून घाम सुटला. आमच्या प्रयोगशाळेत कायम वीस अंश असतात, तिथे घाम येत नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण नाही केली तर हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. पहिला विचार दादांचा आला नाही. पहिला विचार असा आला, की दोन महिन्यांनी त्या कारखान्यात माझी नेहमीची फेरी आहे. तेव्हा त्या चौकटीत गुपचूप शून्य लिहायचं. गाइड आपोआप नीट मोजल्या जातील. नवा माणूस आला, माल सुधारला, असं सगळे म्हणतील. कुणाला कळणार नाही. हा विचार मी चांगला अर्धा तास बाळगला. त्याला चहाही पाजला.

घरी आलो तेव्हा ही कपड्यांच्या घड्या घालत होती. सहासाडेसहा झाले असतील.

"दादाने मायक्रोमीटर देऊन टाकला," ती म्हणाली. "वहिनीचा फोन होता. शेजारच्या मशिनवाल्याला दिला. म्हणे, मला आता कशाला."

मी बूट काढायचा थांबलो. तो मायक्रोमीटर दादांनी पहिल्या नोकरीत घेतला होता. त्याच्या पेटीला ते कुणाला हात लावू देत नसत, मलासुद्धा नाही.

"दादांची चूक नाहीये," मी म्हणालो.

"काय?"

"गाइड बरोबर होत्या. यंत्र चुकीचं मोजत होतं. मी चुकीचं लावलं होतं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि ढीग हाताने दाबला.

"कधी कळलं?"

"दुपारी."

"आत्ता संध्याकाळ झाली."

मी राहिलेला बूट काढला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत," ती म्हणाली. "आणि वर त्याला चष्मा करायला लावलात." मग, अगदी शांतपणे: "उद्या दहाला सही आहे त्याची. तुम्ही साडेआठला तिथे असाल."

मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की या दांड्याने एकूण किती ठिकाणी सही केलीस. मी म्हणालो तीन, बाकी दोन्ही खोल्या वीस अंशांच्या होत्या, तिथे फरक पडत नाही. ते म्हणाले, फरक पडत नाही हे आता तू सांगू नकोस. बरोबर होतं त्यांचं. दादांकडे मात्र त्या संध्याकाळी गेलो नाही. हिला म्हणालो, आधी मोजून खात्री करतो, मग बोलतो. खात्री माझी केव्हाच झाली होती. मला तोंड नव्हतं.

शनिवारी साडेआठला पोचलो. क्वालिटीचे साहेब भला माणूस, पण सकाळी सकाळी वाईट बातमी त्यांना सोसत नाही. मी त्यांच्यासमोर संगणक उघडला, चौकट दाखवली. साडेअकरा तिथेच होते. सगळं समजावलं. त्यांनी टाय सैल केला.

"म्हणजे चार महिने आम्ही..."

"हो."

"हे बघा," त्यांनी दार लोटलं. "सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी घोळ झाला, असं लिहू या. तुमची इज्जत राहील, माझीही मान सुटेल. मास्तरांना काय, काम परत मिळाल्याशी मतलब."

आदल्या दिवशी दुपारी हेच कुणी म्हणालं असतं तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर तो सुबक अक्षरातला कागद होता. घोळ झाला म्हटलं की तो कुणीच केलेला नसतो. दादांना मी वय झालं म्हणालो होतो, ते मी म्हणालो होतो, सॉफ्टवेअर नाही.

"माझं नाव लिहा," मी म्हणालो. "स्पष्ट लिहा."

मग चौकटीत शून्य लिहिलं, दांडा ठेवला, यंत्र पुन्हा लावलं. या वेळी तपासायला आमच्या प्रयोगशाळेतून दुसरा, पोलादाचा दांडा आणला होता, पहाटे जाऊन. त्याच्यापुरते चौकटीत साडेअकरा घातले; तोही जुळला. नापास झालेल्या अडतीस गाइड कोपऱ्यात लाल चिठ्ठ्या लावून पडल्या होत्या. एकेक लावत गेलो. एक मायक्रॉन वर. दोन खाली. बरोबर सहाशे. पुन्हा एक वर. साहेब शेजारी उभे राहून लिहून घेत होते आणि मध्येच लिहायचे थांबले. अडतीसपैकी छत्तीस गाइड निर्दोष होत्या. इतकं देखणं काम मी कुठल्याच कारखान्यात पाहिलेलं नाही, आणि ते भंगारात निघालं होतं.

नंतरच्या सतरा गाइड गोदामात होत्या, हिरव्या चिठ्ठीच्या, पाठवायला तयार. साहेबांनी त्याही मागवल्या. सगळ्या अठरावीस मायक्रॉनने आखूड. एकही कामाची नव्हती.

दादा दहाला पाच कमी असताना आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आधी त्यांनी मला बघितलं, मग टेबलावरच्या गाइड बघितल्या. लाल एका बाजूला, हिरव्या दुसऱ्या बाजूला.

"भाऊजी? आज शनिवारचे?"

मी सगळं सांगितलं. तयारी करून गेलो होतो, वाक्यं जुळवली होती, ती काही आली नाहीत. दांडा वाढत नाही हे यंत्राला सांगायचं मी विसरलो, एवढंच आलं. तुम्ही मला त्याच दिवशी विचारलं होतंत, हेही आलं. त्यानंतर माफी मागितली. बहिणीच्या नवऱ्याने वाकायचं नसतं म्हणून ते मला धरायला पुढे झाले, आणि मी वाकलेलोही नव्हतो. नुसता टेबलाला धरून उभा होतो.

"म्हणजे पहिल्या बरोबर होत्या," दादा म्हणाले.

"छत्तीस बरोबर आहेत."

"आणि या?" त्यांनी हिरव्यांकडे मान केली.

"आखूड आहेत."

ते स्टुलावर बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले आणि पुसतच राहिले. साहेबांनी तो स्टोअरचा कागद फाडला, जरा मोठ्याने फाडला, दादांना बरं वाटावं म्हणून. दादांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आखूड आहेत हे मला माहीत होतं, भाऊजी," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी माहीत होतं. तरी मी कापल्या."

"तुम्हाला कापायला लावल्या, दादा."

"लावल्या. पण हात माझा होता."

सोमवारी ते त्यांच्या मशिनवर परत उभे राहिले. शेजारच्या माणसाने मायक्रोमीटर न मागता आणून दिला. वहिनींनी हिला फोन करून सांगितलं, की पोटभर जेवले. माझा सहीचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला. आता मी मोजतो आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगी सही करते. सही करण्यापूर्वी ती मला तीन प्रश्न विचारते, आणि तिसरा विचारताना तिला संकोच वाटतो. मी तिला सांगितलं, वाटून घेऊ नकोस. यादीला बारावी पायरी लागली. हिने माझ्याशी चार दिवस मोजकं बोलून पाचव्या दिवशी देवाच्या उंचीचा विनोद पुन्हा केला, तेव्हा मी पहिल्यांदा हसलो.

मला वाटलं संपलं. शिक्षा झाली, माल सुटला, माणूस आपल्या जागी गेला.

शिक्षेबरोबर असंही ठरलं होतं, की दोन महिने दर शनिवारी मी त्या खोलीत जाऊन यंत्र तपासायचं. तिसऱ्या शनिवारी साहेब सहज बोलून गेले, की ज्या दिवशी गाइडचं काम असतं त्या दिवशी मास्तर पूर्वी आठ काढायचे, आता पाच निघतात. मी म्हणालो, एवढं झाल्यावर थोडा वेळ लागणारच. ते म्हणाले, "घासायला वेळ लागत नाही हो. मोजायला लागतो."

दुपारी दादा स्वतः एक गाइड घेऊन आले. दोन्ही हातांवर आडवी, फडक्यात धरलेली. हे काम खरं तर दुसऱ्या माणसाचं. मी ती यंत्रावर ठेवली, कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

"सहाशे, वर एक मायक्रॉन," मी म्हणालो. "उत्तम आहे."

त्यांनी गाइड उचलली. दारापर्यंत गेले, थांबले, परत आले.

"एकदा अजून लावता?"

लावली. तोच आकडा. त्यांनी पडद्यावर वाकून तो स्वतः वाचला, ओठ हलवत. आता ते अंगठा टोकावरून फिरवत नव्हते. अंगठा फडक्याखाली घट्ट धरलेला होता.

"दादा, यंत्र बरोबर आहे," मी म्हणालो. "मी सकाळी दोन दांड्यांनी तपासलंय. माझ्यावर नसेल विश्वास तर त्या मुलीला विचारा, सही तिची आहे."

"छे छे. तुमच्यावर विश्वास आहे, भाऊजी," ते म्हणाले. "माझ्यावर नाही."

आणि त्यांनी ती गाइड पुन्हा टेबलावर ठेवली. मी तिसऱ्यांदा मोजली.